उपरण्याखालचा अष्टपैलू

आमच्या दहावीच्या बॅचचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, सणावाराला दिवे येतात, आणि उन्हाळ्यात क्रिकेटची मोठी लीग सुरू झाली की भांडणं येतात. भांडणं असतात ती आमच्या फॅन्टसी लीगची. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खरे खेळाडू तिकडे मोठ्या शहरांत खेळतात आणि आम्ही आठ जण इकडे शेवगावात बसून, मोबाईलच्या अॅपवर, त्यांचे मालक होतो. हंगामाआधी आमचा आमचा लिलाव होतो, प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा खेळाडू येतात. आपल्या खेळाडूने खऱ्या सामन्यात धावा काढल्या, बळी घेतले, की गुण आपल्याला. पैसा यात नाही. शेवटी येणाऱ्याने बाकीच्यांना मटण खाऊ घालायचं आणि पहिल्या येणाऱ्याच्या दारावर वर्षभर एक घुंगरमाळ टांगायची, एवढंच.

हंगाम चालू असताना मालकांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. अॅपवर त्याला ट्रेड म्हणतात, आम्ही सौदा म्हणतो. लीगमधली खरी गंमत तीच आहे, आणि मला ती सगळ्यांपेक्षा चांगली जमायची. यात बढाई नाही. समोरच्याला कोण हवाय हे मला तो उत्तराला किती वेळ लावतो त्यावरून कळायचं. ताबडतोब "नाही" आलं की समजायचं, याला खरंच नकोय. अर्ध्या दिवसाने "बघू" आलं की मासा गळाला लागला.

आठ जणांत मी एकटी बाई. शाळेत असताना यांतल्या एकाशीही मी बोललेले नव्हते, मुलींच्या बाकाकडे बघितलं तरी छडी बसायची. आता सगळे मला ताई म्हणतात आणि रागावले की मॅडम. मी इथल्याच ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. ती हकिगत वेगळी आहे आणि कंटाळवाणीही आहे. आई गेल्यापासून घरात मी आणि माझे वडील, म्हणजे आबा.

पहिल्या वर्षी घुंगरमाळ मी जिंकले. आबांनी ती हातात घेऊन वाजवून पाहिली, एक घुंगरू फुटकं आहे म्हणाले आणि कोणत्या बैलाची म्हणून चौकशी केली. आबांचा उभा जन्म बैलबाजारात गेला. ते दलाल होते. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आबा. त्यांच्या खांद्यावर कायम एक पांढरं उपरणं असायचं, आणि ते घाम पुसायला नव्हतं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या उजव्या हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडे सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव काय चाललाय ते कुणाला कळत नाही. जमलं की हात सोडायचे आणि "झालं" म्हणायचं. एकदा "झालं" म्हटलं की मागे फिरणं नाही. आबा सांगायचे की कागदावर सही करून फिरलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली, उपरण्याखाली हात देऊन फिरलेला एकही पाहिला नाही.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजारात जायची. बैलाचे दात कसे बघायचे, चालताना मागचा खूर कुठे पडतो ते कसं बघायचं, हे त्यांनी मला शिकवलं. उपरण्याखाली काय चालतं ते मात्र शिकवलं नाही. बायकांनी तिथे हात घालायचा नसतो, एवढं एक उत्तर मिळायचं आणि वर भेळ मिळायची.

मी माळ जिंकले त्याच वर्षी दिवाळीच्या पुढेमागे आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस काढले. हळूहळू पाय परत आला, जीभ परत आली, शेवटी हातही उचलायला लागले. शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले तेव्हा मी कॉलेजात पेढे वाटले. पण माणूस खाटेवरून उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बाजाराचा दिवस आला की जास्तच. जुने व्यापारी भेटायला आले की झोपेचं सोंग घ्यायचे. मी चिडायची, मग रडायची, मग पुन्हा चिडायची. काही उपयोग होत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात लीगमध्ये भांडण पेटलं. आमच्यातला एक जण भिंगारला नोकरीला आहे, आठवड्याला घरी येतो. त्याने कुणाशी तरी झालेलं सौद्याचं खाजगी बोलणं फोटो काढून ग्रुपवर टाकलं, मग दुसऱ्याने त्याचं टाकलं, आणि कोण कुणाच्या खेळाडूला काय म्हणाला ते सगळं चव्हाट्यावर आलं. दोन जण ग्रुप सोडून गेले, त्यांना समजूत काढून परत आणावं लागलं. तेव्हा ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान असलेल्या गड्याने तोडगा काढला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तो म्हणाला. यापुढे मेसेज बंद. आठवड्यातून एकदा त्याच्या दुकानाच्या ओट्यावर जमायचं आणि बैलबाजारासारखे उपरण्याखाली सौदे करायचे. प्रत्येकाच्या खेळाडूंना अॅपवर एक ते पंधरा क्रमांक आहेतच. आधी मागायचा क्रमांक दाबायचा, मग द्यायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, मनगट म्हणजे दहा. "झालं" म्हटलं की मग काय ठरलं ते मोठ्याने सांगायचं आणि अॅपवर टाकायचं.

सगळ्यांना कल्पना भलतीच आवडली. हसले, टाळ्या दिल्या, आणि मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. भर रस्त्यावरच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, उपरण्याखाली ताईचा हात कोण धरणार? सगळे बायकापोरांचे. एक जण मोठ्या मनाने म्हणाला की ताईंनी तोंडी सांगावं, बाकीचे समजून घेतील. म्हणजे माझे आकडे सगळ्यांना ऐकू जाणार आणि त्यांचे कुणालाच नाही. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. हा नियम मला बाहेर काढण्यासाठीच केलाय असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. स्पेअर पार्टवाल्याने कानाला हात लावले. मग त्यालाच सुचलं की आबांना आणा. आबांसारखा हात अख्ख्या तालुक्यात नव्हता, त्यांनी माझ्या बाजूने बसावं.

घरी येऊन मी हे सगळं तक्रार म्हणून आबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी कूस बदलली आणि विचारलं, "उपरनं कुटं ठिवलंय?"

त्यानंतरचे दोन आठवडे आमच्या घरात एक नवा माणूस राहायला आल्यासारखं झालं. आबा दाढी करायला लागले. मी त्यांना माझे पंधरा खेळाडू टीव्हीवर ओळखायला शिकवलं. समालोचनाचा त्यांना त्रास व्हायचा, म्हणून आवाज बंद करून ते सामना बघायचे आणि स्वतःचं समालोचन करायचे. हा अजून आदत आहे, याचे दात यायचेत. हा जुळलेला आहे, सगळे दात आलेत, पण चाल चांगली. याला औताला धरू नका, हा शर्यतीचा. माझ्याकडे एक डावखुरा अष्टपैलू होता, लिलावात मी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. त्याला आबांनी पळताना, चेंडू टाकताना, पाणी पिताना, सगळीकडून पाहून घेतलं. मग मान हलवली. "ह्यो इकायचा न्हाई," म्हणाले. "कुनी कायबी दिऊ दे."

पहिल्या सौद्याला ते पांढरं धोतर, टोपी आणि खांद्यावर उपरणं घालून निघाले तेव्हा मला माझ्या लीगचं काही पडलंच नव्हतं. मी त्यांच्या मागून चालत होते आणि रस्त्यावरची माणसं त्यांना रामराम घालत होती. ओट्यावर खास त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की स्पेअर पार्टवाल्याचा सात नंबरचा जलदगती गोलंदाज मागा आणि आपला बारा नंबरचा द्या. उपरणं पडलं. खाली हात हलत होते, वर आबांचा चेहरा दगडासारखा होता. बाजारात मी पाहिलेला तोच चेहरा. बऱ्याच वेळाने दोघांनी "झालं" म्हटलं. स्पेअर पार्टवाल्याने मोठ्याने सांगितलं की आबांनी तेरा नंबरचा दिला आणि त्याचा नऊ नंबरचा फिरकी गोलंदाज घेतला. सांगताना तो स्वतःच थोडा बुचकळ्यात पडल्यासारखा वाटला. मी आबांकडे बघितलं. ते शांतपणे उपरण्याची घडी घालत होते.

वाटेत मी विचारलं की सातचा नऊ कसा झाला. ते म्हणाले, सात नंबरचा पळताना मागचा पाय ओढतो, फिरकीवाला बरा. त्या आठवड्यात फिरकीवाल्याने खरंच बळी काढले. ग्रुपवर आबांचा जयजयकार झाला. कुणी त्यांना तज्ज्ञ म्हटलं, कुणी प्रशिक्षक. मी ते सगळे मेसेज त्यांना वाचून दाखवले आणि त्यांनी प्रत्येक मेसेज दोनदा वाचायला लावला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझा अष्टपैलू देऊन टाकला.

तोच, इकायचा नव्हता तो. बदल्यात आला एक राखीव यष्टिरक्षक, ज्याने सबंध हंगामात बाकावर बसून बाटल्या नेण्याशिवाय काही केलं नव्हतं. स्पेअर पार्टवाल्याने "आबांचा चार नंबर माझा, माझा अकरा आबांचा" असं जाहीर केलं तेव्हा ओट्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर चार नंबर कोण ते पुन्हा पाहिलं. या वेळी तो बुचकळ्यात पडलेला नव्हता. आबांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मी अॅपवर मान्य केलं, दुसरं काय करणार? "झालं" झालं होतं.

घरी जाताना आबा आपणहून बोलले. त्याचा खूर दुखतोय, कळून येत नाही पण दुखतोय, लवकरच लंगडणार. मी हो म्हणाले. त्याच संध्याकाळी अष्टपैलूने टीव्हीवर चौफेर फटकेबाजी केली आणि वर बळीही घेतले. आबा बघत होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि आज लवकर झोपतो म्हणाले.

मला आधी राग आला. खूप आला. म्हाताऱ्याने आपलं शहाणपण चालवलं, माझी टीम म्हणजे त्याला बैलजोडी वाटली का, असं सगळं मनात आलं. हा राग पुढच्या सौद्याच्या दिवसापर्यंत मी सांभाळून ठेवला होता.

त्या दिवशी ओट्यावर चहा आला. दुकानातला चहा स्टीलच्या ग्लासात येतो, आणि उकळता येतो. सगळ्यांनी आपापले ग्लास खाली ठेवले, कुणी रुमालाने धरले. आबांना मी ग्लास दिला तो त्यांनी उजव्या हातात घेतला आणि शेजारच्याशी एका जुन्या बाजाराच्या गोष्टीत रमले. गोष्ट लांबली. ग्लास हातातच. मला वाटलं चहा निवला असेल, म्हणून मी तो त्यांच्या हातातून काढून घ्यायला गेले आणि माझी बोटं भाजली. मी ग्लास जवळजवळ टाकलाच. आबांचा तळवा लालबुंद झाला होता, आणि ते गोष्ट सांगत होते.

मी खाली बसले. हात परत आला होता, उचलला जात होता, बटणं लावत होता, पण ती डोळ्यांनी बघून लावत होता. त्या हाताला कळत काहीच नव्हतं. उपरण्याखाली समोरचा बोटं दाबत असेल, मनगट धरत असेल, आबांना काही पत्ताच नसेल. उपरणं हलायचं थांबलं की ते अंदाजाने "झालं" म्हणत असतील. काय झालं ते त्यांना, आम्हा सगळ्यांसारखंच, समोरच्याने मोठ्याने सांगितल्यावर कळत असेल. आणि मग घरी येईपर्यंत ते त्याची कारणं शोधत असतील. पाय ओढतो. खूर दुखतोय.

त्या दिवशी आणखी एक सौदा झाला. मी समोर बसून तो होताना पाहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मला त्या ओट्यावर कळलं. बोलले असते तर माझी टीम वाचली असती आणि आबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले असते, बहुतेक कायमचे. दलालाचा हात मेलाय हे चारचौघांत सांगणारी मी कोण? नाही बोलले. आणखी एक गोलंदाज गेला. चालता बोलता माणूस घरी परत आला, तेवढं मी पदरात घेतलं.

तरीही मला राहवलं नाही. एका दुपारी मी एकटी स्पेअर पार्टवाल्याच्या दुकानात गेले. तो काउंटरमागे बेअरिंग पुसत होता. मी त्याला आबांच्या हाताबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की अष्टपैलूचा सौदा चुकून झालाय, तो मला परत दे, मी बदल्यात माझे दोन चांगले देते. त्याने मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग खाली बघत म्हणाला, "ताई, आबांनी हात दिलाय. तुमी म्हनता चुकून झालं. मग मी लोकास्नी काय सांगू, आबांचा हात चुकला म्हनू?"

त्याला माहीत होतं का? मला वाटतं, पहिल्या सौद्यानंतर त्याला शंका आली असावी आणि दुसऱ्यात त्याने ती तपासून पाहिली असावी. पण मी ते सिद्ध करू शकत नाही आणि करून दाखवायचंही कुणाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पाणी पिऊन घरी आले.

यानंतर मी एकच गोष्ट करायला लागले. चहाचा ग्लास आबांच्या डाव्या हातात द्यायला लागले. काही बोलत नव्हते, नुसता डाव्या हातात देत होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून डावा हात पुढे केला. आम्हा दोघांनाही आता ठाऊक होतं आणि दोघंही टीव्हीतल्या सामन्याविषयी बोलत होतो.

हंगामातला शेवटचा सौद्याचा दिवस जवळ आला. मी तळाला होते, मटणाचा मसाला आतापासून आणून ठेवा असे टोमणे ग्रुपवर चालू होते. सौद्याच्या आदल्या संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आबांनी खाटेवरून हाक मारली. म्हणाले, "हिकडं ये. हात दे."

मी उजवा हात दिला. त्यांनी दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. आणि मला शिकवायला लागले. त्यांची बोटं माझ्या बोटांवर कधी जोरात पडायची, कधी नुसती टेकायची, त्यांना अंदाज येत नव्हता. तरी ते सांगत राहिले. आधी कधीच आपला खरा आकडा दाबायचा नाही. समोरचा घाई करतो तेव्हा त्याला गरज आहे. तो अंगठ्याने तळवा चोळतो तेव्हा तो घसरतोय. हात सोडायचा तो आपण, त्याने नाही. माझ्या लक्षात आलं की मेसेजवर मी जे करत होते तेच हे, नुसतं बोटांनी. मग ते म्हणाले, आता तू दाब. मी तीन बोटं दाबली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि पाच म्हणाले. मी हो म्हणाले. मग मी त्यांचं मनगट धरलं. ते म्हणाले, दोन.

"खोटं बोलू नगं," ते म्हणाले. या वेळी मी अजून काहीच बोलले नव्हते. त्यांनी उपरणं काढलं नाही, आमचे हात तसेच खाली होते. मला इतकं रडू आलं की तपासायच्या उत्तरपत्रिकांवर पडू नये म्हणून मी तोंड वळवलं. आबा म्हणाले, "आता तूच धर. बाईनं हात घालायचा न्हाई असं मीच म्हनायचो. चूक हुतं."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळे जमले होते. आबा नेहमीसारखे खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी मी. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या मांडीवर पसरलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आयुष्यभर न बोललेलं वाक्य सगळ्यांसमोर बोलले. "माजा हात मेलाय. त्याला काय कळत न्हाई. हिचा हात धरा."

समोरच्या रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मी माझा हात उपरण्याखाली घातला. मला अष्टपैलू हवा होता आणि स्पेअर पार्टवाल्याच्या यादीत कुठल्या जागा कच्च्या आहेत ते मला पाठ होतं. त्याला काय द्यायचं, कुठून सुरुवात करायची, कुठे ताणायचं, सगळं मनात तयार होतं. त्याने हात द्यायची वाट मी बघत राहिले.

तो आपले हात पुसत होता. हातांना ग्रीस होतं हे खरं, पण ते केव्हाच निघालं होतं, तरी पुसत होता. बाकीच्यांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. समोरच्या हॉटेलात माणसं बसलेली होती, त्यांच्याकडे बघितलं. मग त्याने खिशातून मोबाईल काढला.

"कशाला ताई," तो म्हणाला. "घ्या की तुमचा खेळाडू. तसाच घ्या. आबांसाठी."

आमच्या लीगमध्ये एक जण खेळाडू सोडून द्यायला तयार असला की बाकीच्यांना आणि घेणाऱ्याला विचारावं लागत नाही, तसं आम्हीच ठरवलेलं आहे. त्याने बटण दाबलं आणि माझ्या पिशवीतला मोबाईल वाजला. तिकडून एक आला होता, इकडून कुणी गेलं नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. कुणी तरी चहा सांगितला. भिंगारवाला म्हणाला की याला म्हणतात दिलदारी. मला ओरडावंसं वाटत होतं की मला दिलदारी नको, मला सौदा हवाय, माझा हात खाली आहे, तो धर आणि मला लुबाडायचं तर लुबाड. पण त्याने केलं ते चांगलंच केलं होतं. चांगुलपणावर ओरडायचं कसं?

आबांनी विचारलं, "बदल्यात काय घेतलंस?"

"काय न्हाई आबा. तुमच्याकडून काय घेऊ?"

आबांनी मान हलवली. माझा हात अजून उपरण्याखालीच होता. त्यांनी डाव्या हाताने उपरणं हळूच ओढून घेतलं, घडी घालायचा प्रयत्न केला, ती एका हाताने नीट बसेना, तेव्हा तसंच गोळा करून बगलेत धरलं. चहा न घेता आम्ही निघालो. वाटेत दोनतीन जणांनी रामराम केला, आबांनी सगळ्यांना केला.

शेवटच्या सामन्यांत अष्टपैलू इतका खेळला की मी तळातून वर सरकले आणि मटण खाऊ घालायची पाळी भिंगारवाल्यावर आली. ग्रुपवर माझं अभिनंदन झालं. आबांनी सगळे सामने पाहिले, आवाज बंद करून, पण समालोचन केलं नाही. उपरणं खुंटीवर गेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते पुन्हा भिंतीकडे सरकत होते आणि त्यांना तिथून उठवण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य घेण्यादेण्याचं होतं. आता लोक त्यांना नुसतं देत होते.

हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला. त्यांनी डावा हात पुढे केला, ग्लास घेतला, फुंकर घातली.

"काल लई खेळला त्यो," ते म्हणाले. "पर आपला न्हाई."

मीही "न्हाई" म्हणाले आणि राहिलेल्या उत्तरपत्रिका तपासायला बसले.